मार्थाबाईंचा बाजारातला वर्ग

यंदा आमच्या धाकटीची अकरावीची परीक्षा आहे. त्यामुळे सध्या घरात कुणी मोठ्याने बोलत नाही. रेडिओवर टॉवेल टाकून ठेवला आहे. शेजारणीला खलबत्ता मागच्या अंगणात नेऊन कुटायला सांगून झाले. परवा मी म्हणालो, "एक दिवस असं गप्प राहू आणि एक दिवस रेडिओ लावू. पोरीला दोन्हीची सवय हवी." त्यावर आमची सौ. म्हणाली, "तुम्ही तुमचं पाणी मोजा. अभ्यासातलं तुम्हाला काय कळतंय?"

मी पाटबंधारे खात्यात आहे. कालव्यातून किती पाणी गेले आणि किती मुरले, एवढेच मला नीट कळते. पण रेडिओचे ते बोलणे माझ्या पदरचे नव्हते. ते मार्थाबाईंचे होते, आणि ते शिकायला मार्थाबाईंना फार जड गेले होते.

मार्थाबाई आमच्या गावच्या मिशनच्या शाळेत शिकवायच्या. गाव जामखेड तालुक्यात, पण अगदी कडेला. ओढा ओलांडला की निजामाची हद्द सुरू होई. दिवस दुसऱ्या महायुद्धाचे होते. रॉकेल मोजून मिळे आणि कोरा कागद दिसला की तो वहीत शिवून ठेवण्यासारखी वस्तू वाटे. शाळेत ख्रिस्ती मुले होती तशी आम्हा शेतकऱ्यांचीही होती, कारण जवळपास सातवीपर्यंतची दुसरी शाळा नव्हती. सातवीच्या शेवटी फायनल नावाची सरकारी परीक्षा असे. ती पास झालेला माणूस मास्तर होऊ शके, तलाठी होऊ शके. नापास झालेला परत औतामागे. परीक्षा नगरला होई, आणि आमच्यातल्या बहुतेकांनी नगर पाहिलेले नसे.

बाईंचे वय मला सांगता येणार नाही. मी विचारले नाही आणि त्यांनी सांगितले नाही. उंची बेताची. पांढरे लुगडे, पांढरे पोलके, पायांत गावच्या चांभाराने केलेल्या जाड वहाणा आणि काखेत काळी छत्री. ही छत्री मी पावसात उघडलेली पाहिली नाही, कारण आमच्याकडे तेवढा पाऊसच नसे. तिचा उपयोग दिशा दाखवायला होई. छत्री फळ्याकडे गेली की फळ्याकडे पाहायचे. दाराकडे गेली की बाहेर जायचे. मारायला मात्र ती कधी उचलली गेली नाही.

दिवाळी झाली की बाई फायनलच्या मुलांना दर बुधवारी बाजारात घेऊन बसत. आमच्या वर्षी आम्ही चौघे होतो. एका बाजूला बैलांचा बाजार, दुसऱ्या बाजूला घोंगड्या विकणारे धनगर, आणि मधल्या लिंबाखाली आम्ही मांडीवर पाटी घेऊन. बाई गणित एकदाच सांगत. ते ऐकू आले तर ठीक. न आले तर पुन्हा विचारायचे.

"परीक्षा आपल्या शाळेत असती तर मी तुम्हाला शाळेतच शिकवलं असतं," त्या म्हणत. "परीक्षा परक्या गावात आहे. परकं गाव तुमच्यासाठी गप्प बसत नसतं."

बाजारातल्या माणसांना पहिले काही आठवडे आमची मोठी गंमत वाटली. एक व्यापारी दर बुधवारी नवा विनोद करी.

"काय बाई, पोरं इकायला आनलीत का?"

"विकायची नाहीत," बाई म्हणाल्या. "भाव वाढवायला आणलीत."

एकदा एका खिल्लारी बैलाने मान लांबवून योहानची पाटी चाटली. योहान हा आमच्यातला थट्टेखोर मुलगा, शाळेच्या माळ्याचा. व्याजाचे लांबलचक गणित त्याने जवळजवळ पुरे केले होते. ते सगळे बैलाच्या जिभेवर गेले.

"बाई, बैलानं पुसलं!"

"पुन्हा सोडव."

"आवं पन बाई, नगरला काय बैल असनार हाय का?"

"बैल नसेल," बाई म्हणाल्या, "पण काहीतरी असेलच."

हे वाक्य मला पुढे फार आठवले.

बाई बाजारात एवढ्या बसत, पण त्यांना घासाघीस मुळीच येत नसे. भाजीवाली जो भाव सांगे त्या भावाने घेत, नाहीतर पुढे जात. "मला नाही बाई जमत. माझा घसा बसतो," म्हणत.

त्यांची दुसरी शिकवण एका वाक्याची होती. आम्ही प्रत्येकाने अनोळखी मोठ्या माणसाला काहीतरी विचारायचे आणि त्याचे उत्तर झाले की म्हणायचे, "मला समजलं नाही. पुन्हा सांगा." ऐकायला हे सोपे वाटते. आमच्या वेळी मोठ्या माणसाला असे म्हणणे म्हणजे उर्मटपणा. समजले नाही तरी मान हलवायची आणि बाहेर येऊन एकमेकांना विचारायचे, अशी आमची रीत. बाईंचे म्हणणे असे की खेड्यातली अर्धी मुले गणितात नापास होत नाहीत, मान हलवण्यात नापास होतात.

योहानने हे वाक्य पाटलांवर चालवले. पाटील पारावर बसले होते. त्याने विचारले, "पाटील, नगरची मोटार कवा येती?"

"येती येळंवर," पाटील म्हणाले.

"मला समजलं नाही. पुन्हा सांगा."

"आरं, येळंवर येती म्हनलं की!"

"मला समजलं नाही. पुन्हा सांगा."

पाटील उठून उभे राहिले. "काय समजलं न्हाई रं तुला? म्या काय विंग्रजी बोलतोय?" मग त्यांनाच काय वाटले कोण जाणे, खाली बसून म्हणाले, "खरं सांगू का पोरा, मला बी ठावं न्हाई. कोळशावरची मोटार ती. तिच्या मनावर."

बाई लिंबाखालून पाहत होत्या. त्या मनापासून हसल्या आणि आम्हाला म्हणाल्या, "बघा. पुन्हा न विचारता तुम्ही घरी गेला असता, तर पाटलांना माहीत आहे असंच समजून बसला असता."

आता हौसाविषयी सांगायला हवे, कारण त्या वर्षी खरी परीक्षा तिचीच होती. हौसा माझी चुलत बहीण, माझ्याहून दोन वर्षांनी मोठी. शेतातले आणि घरातले करून शाळेत यायची, म्हणून मागे राहिली होती. गणितात ती आम्हा तिघांनाही ऐकत नसे. बाईंनी तिला नगरच्या ट्रेनिंग कॉलेजात घालायचे मनात धरले होते. तिथे मुलींना शिकवून मास्तरीण करत. पण संक्रांतीनंतर तिचे वडील, म्हणजे माझे चुलते, आम्ही त्यांना आण्णा म्हणत असू, शाळेत आले. पटका काढून मांडीवर ठेवला.

"बाई, पोरीला सोयरीक आलीया. हद्दीपल्याडचं घर हाय. मानसं चांगली हायती."

"तिची परीक्षा होऊ द्या, आण्णा."

"हू द्या की. पास झाली तर तुमी म्हनता त्या कालेजात घाला, मी आडवा येनार न्हाई. पर एकाच खेपंला. नापास झाली तर वैशाखात अक्षता. मंग तुमी माझ्या दारात यायचं न्हाई, आन् मला समजवायचं न्हाई."

बाई म्हणाल्या, "नापास झाली तर मी तुमच्या दारात येणार नाही. शब्द दिला."

हौसा दाराबाहेरच उभी होती आणि तिने सगळे ऐकले. बाईंनाही ते दिसत होते. त्यांनी दार लावून घेतले नव्हते.

परीक्षेला आम्ही आधी बैलगाडीने आणि मग पेट्रोलऐवजी कोळशाच्या गॅसवर चालणाऱ्या त्या मोटारीने नगरला गेलो. मोटार घाटात दोनदा थांबली. बाईंनी आमची सोय मिशनच्या वसतिगृहाच्या ओसरीवर केली होती. संध्याकाळी त्यांनी आम्हाला परीक्षेच्या शाळेचे नुसते नाव सांगितले आणि छत्री रस्त्याकडे केली. आम्ही विचारत विचारत गेलो. हौसा पुढे, आम्ही तिघे मागे. एका शिंप्याला तिने तीन वेळा "पुन्हा सांगा" म्हटले. शाळा सापडली. परत येताना मागे वळून पाहिले तर रस्त्याच्या दुसऱ्या कडेने बाई येत होत्या. त्यांनी आम्हाला पाहिल्याचे दाखवले नाही, आम्हीही दाखवले नाही.

सकाळी भाषेचा पेपर. शाळेच्या मोठ्या दालनात बाके लावली होती. छत इतके उंच की वर पाहताना टोपी मागे सरकावी. आम्ही बसलो. प्रश्नपत्रिका वाटल्या गेल्या. घंटा झाली. आणि त्यानंतर तिथे कसलाही आवाज राहिला नाही.

मी हे वाढवून सांगत नाही. एवढी माणसे एका ठिकाणी आणि एवढी शांतता आम्ही जन्मात पाहिली नव्हती. भिंतीवरच्या घड्याळाचा टोला सोडा, त्याचा काटा सरकल्याचे ऐकू येई. पाठीमागच्या मुलाने टाक दौतीत बुडवला की तो माझ्याच कानात बुडवल्यासारखा वाटे. आमचे सगळे सराव बैलांच्या हंबरण्यात झालेले. त्या शांततेत माझी बोटे चालेनात. हौसा माझ्या पुढे दोन बाके सोडून होती. तिचा टाक कागदावर टेकून तसाच उभा होता.

मधल्या सुट्टीत बाई फाटकापाशी वाट पाहत होत्या. आम्हा चौघांची तोंडे पाहून त्यांनी कसे गेले असे विचारले नाही. "काय झालं?" असे विचारले.

"बाई, आत कुनी बोलतच न्हाई," हौसा म्हणाली.

"मग?"

"लई शांत हाय. माझाच श्वास मला ऐकू येतुया. वाटतं समदी माझ्याकडंच बघत्यात. शेवटचे दोन प्रश्न ऱ्हाऊनच गेले." तिच्या डोळ्यांत पाणी होते, पण तिने ते पडू दिले नाही. "आता गनिताला बी आसंच झालं तर मी गेलेच, बाई."

"मला तर त्या बैलाची आठवन आली," योहान म्हणाला. कुणी हसले नाही.

बाई फाटकाच्या दगडावर टेकल्या. छत्री त्यांनी मांडीवर आडवी घेतली. "चूक माझी आहे," त्या म्हणाल्या. "तुम्ही कुठं कुठं गडबडाल ते सगळं मी धरलं होतं. हे धरलं नाही. मी तुम्हाला गोंगाटाची भीती घालवायला शिकवलं, शांततेची घालवायची राहिली." मग आम्हाला भाकरी खायला लावल्या, पाणी पाजले आणि हौसाचा पदर आपल्या हाताने नीट केला. दुसरे काही सांगितले नाही.

दुपारी गणिताचा पेपर. पुन्हा घंटा, पुन्हा तीच शांतता. हौसाची मान खाली होती आणि हात हलत नव्हता. मला माझा पेपर सोडून तिच्याच पाठीकडे पाहावेसे वाटे. आमच्या बाजूच्या खिडक्या रस्त्यावर उघडत. थोड्या वेळाने त्या रस्त्यावरून आवाज आला.

"काकडी कशी दिली गं?"

"आन्याला चार, बाई."

"चार? आणि ही वाकडी धरून चार?"

"वाकडी आसली म्हनून काय झालं? पोटात जाऊन सरळच हुती की!"

"सहा दे."

"सहा? मंग माझ्या पोरांनी काय खायाचं, माती?"

"तुझी पोरं शाळेत जातात का ते आधी सांग. सहा."

"शाळंचा आन् काकडीचा काय समंद वं?"

तो मार्थाबाईंचा आवाज होता. ज्यांना घासाघीस जमत नव्हती, त्या नगरच्या भर रस्त्यात कंबर कसून भांडत होत्या. योहानचे खांदे हलू लागले. हौसाने मान वर केली. खिडकीकडे पाहिले नाही, समोर पाहिले. एक श्वास घेतला, टाक दौतीत बुडवला आणि लिहायला लागली.

तेवढ्यात शिपाई फाटकाबाहेर गेला. "ओ बाई, हितं परीक्षा चालूय. फुडं व्हा."

"मला समजलं नाही," बाई म्हणाल्या. "पुन्हा सांगा."

"परीक्षा चालूय म्हनलं!"

"मला समजलं नाही. पुन्हा सांगा."

"आवं, परीक्षा! परीक्षा! पोरं लिव्हत्यात आत!" शिपाई इतक्या जोराने ओरडला की त्या दोघींचा मिळून तेवढा आवाज झाला नसता. दालनातले एक पर्यवेक्षक खिडकी लावायला उठले. केंद्राचे प्रमुख पगडी बाजूला काढून वारा घेत बसले होते. ते म्हणाले, "राहू द्या उघडी. उकडतंय. रस्ता काही आपल्या शाळेचा नाही."

या गोष्टीचा मी नंतर पुष्कळ विचार केला आहे, कारण परीक्षेत बाहेरून मदत होणे मला पसंत नाही. बाईंनी आम्हाला एकही उत्तर सांगितले नाही. पेपरात काकडीचे गणित नव्हते, भाजीपाल्याचेही नव्हते. बाहेरच्या कुणी आवारात येऊ नये असा नियम होता आणि त्या आवारात आल्या नाहीत. रस्त्यावर माणसे भांडतातच. तेव्हा माझ्या हिशेबाने त्यात गैर काही नव्हते. पण हा हिशेब मी करतो आहे. बाईंनी त्या दुपारी तो केला असेल असे मला वाटत नाही. त्यांना आतली हौसा दिसत होती.

पेपर सुटला तेव्हा बाई रस्त्यातल्या छोट्या पुलाच्या कठड्यावर बसल्या होत्या. शेजारी काकडीवाली, आणि तिची काकड्यांची पाटी बाईंच्या मांडीवर. बाईंचा घसा पार बसला होता. त्यांनी नुसता हात हलवून हौसाला विचारले, कसे?

"बाई, शेवटचं एक सोडून समदी सुटली!"

बाईंनी पाटीतली काकडी उचलून तिच्या हातात दिली.

काकडीवाली आमच्याकडे पाहून म्हणाली, "तुमची मास्तरीन का ही? दुपारभर माझ्याशी भांडली, आन् शेवटाला मी सांगितला त्याच भावानं आख्खी पाटी घेतली. येडी हाय का काय!"

दुसऱ्या दिवशी चांगले गिऱ्हाईक मिळते म्हणून ती आपण होऊन त्याच जागी येऊन बसली आणि तिने खिडकीखाली ओरडून ओरडून काकड्या विकल्या. बाईंना काही करावे लागले नाही. तिसऱ्या दिवसापर्यंत आम्हाला त्या दालनाची सवय झाली होती. काकड्या आम्ही गावापर्यंत खात आलो.

निकाल शाळेत कळायचा होता. हौसाने शाळेत जाऊन विचारायचे नाही असे ठरवले. भाषेचे दोन प्रश्न तिच्या मनातून जात नव्हते. आण्णांच्या घरी सोयरिकीची माणसे येऊन गेली होती. निकालाच्या सकाळी मी तिकडेच होतो. हौसा अंगणात धान्य पाखडत होती. आण्णा दोर वळत होते.

पांदीच्या वाटेच्या वळणावर आधी छत्री दिसली. मग पांढरे लुगडे.

हौसाच्या हातातले सूप तसेच राहिले. बाई अजून लांब होत्या. त्यांनी हाक मारली नव्हती, हात हलवला नव्हता. त्या फक्त आण्णांच्या दाराच्या रोखाने चालत येत होत्या. हौसा जागच्या जागी खाली बसली आणि रडायला लागली.

"आता गं काय झालं?" आण्णांनी विचारले.

"आण्णा, बाई येत्यात," ती म्हणाली. "आपल्या दारात येत्यात."

आण्णांनी रस्त्याकडे पाहिले. दोर बाजूला ठेवला. बाई अंगणात येऊन उभ्या राहिल्या तेव्हा ते एवढेच म्हणाले, "या बाई. बसा. आता बसा." आणि घरात वळून ओरडले, "आगं, गूळपानी आन!"

मीही पास झालो होतो. ते मला गूळपाणी पिऊन झाल्यावर कळले.

आण्णांनी शब्द पाळला. हौसा नगरला शिकली आणि पुढे श्रीगोंद्याकडे मास्तरीण झाली. मी खात्यात लागलो आणि गाव सुटले.

बाईंना मी शेवटचे पाहिले ते निजामाची हद्द संपली त्यानंतरच्या हिवाळ्यात. रजेवर आलो होतो. गुरुवार होता. शाळेत गेलो तर सातवीचा वर्ग रिकामा. माळी म्हणाला, "बाई पोरास्नी घिऊन देवळात हायती." आमच्याकडे ख्रिस्ती लोक चर्चला देऊळच म्हणतात. "बुधवारी बाजार, बिस्तरवारी देऊळ. आसं चालतं त्येंचं आता."

मी वहाणा काढून हळूच दारात उभा राहिलो. बाकांवर सात-आठ मुले लांब लांब बसून लिहीत होती. त्यांत तीन मुली. आत इतके शांत होते की मला नगरचे ते दालन आठवले. बाई सगळ्यांत मागच्या बाकावर होत्या. केस पांढरे झाले होते. मला ओळखून त्यांनी ओठांवर बोट ठेवले.

मग शेजारचा जेवणाचा पितळी डबा उचलला, त्याचे झाकण काढले आणि हात लांब करून ते फरशीवर सोडून दिले.

झाकण दणकन आदळले, गोल गोल फिरले आणि बऱ्याच वेळाने थांबले. मी दचकलो. मुलांपैकी एकाचीही मान वर झाली नाही.

बाईंनी माझ्याकडे पाहिले. त्यांच्या चेहऱ्यावर असे समाधान मी फक्त आण्णांच्या अंगणात पाहिले होते. मी काहीतरी बोलायला तोंड उघडले, तेवढ्यात त्यांनी छत्री उचलली आणि दाराकडे केली. मी मुकाट्याने बाहेर आलो.